उगवण पाहिल्याशिवाय

माझ्या भावजयीचा, मंगलचा फोन आला तेव्हा मी शिरपूरला घराच्या छतावर कुरड्या घालत होते. फोनवर तिनं 'ताई' एवढंच म्हटलं. मी म्हटलं, "अगं बोल ना, कसा आहे तो? डोळे उघडले का?" मागून नागपूरच्या दवाखान्यातले आवाज येत होते, कुठल्या तरी गाडीची चाकं, कोणाला तरी मारलेली हाक... आणि मग ती म्हणाली, "गेले ताई. सोडून गेले आपल्याले." माझ्या हातात सोऱ्या होता. तो तसाच धरून मी उन्हात उभी राहिले, आणि पहिला विचार काय यावा? याचा धडा अर्धाच राहिला की! सख्खा धाकटा भाऊ गेला आणि मला त्याच्या कॉम्प्युटरचा धडा आठवला. रडू नंतर आलं, कुरड्या गोळा करताना.

विनायक माझा भाऊ. घरी विनू, आणि घराबाहेर, म्हणजे पार सातारा-कोल्हापूरपर्यंत, 'विनूभाऊ सर्वरवाले'. वाशीमच्या एका पतसंस्थेत तो सर्वर आणि नेटवर्क सांभाळायचा. सर्वर म्हणजे ज्याच्या जिवावर कचेरीतले बाकीचे सगळे कॉम्प्युटर चालतात तो मोठा कॉम्प्युटर, एवढं मला त्यानंच शिकवलं. कामावरून घरी आला की मागच्या खोलीत बसून तो तेच काम शिकवणारे व्हिडिओ बनवायचा. विंडोज सर्वर बसवायचा कसा, नव्या माणसाला खातं उघडून द्यायचं कसं, या खोलीतला प्रिंटर त्या खोलीतून का दिसत नाही, अशा नाना भानगडी. बघणारे कोण? तर कुठल्या सूतगिरणीत, कुठल्या दूध संघात, कुठल्या तालुक्याच्या दवाखान्यात एकटा पडलेला माणूस, ज्याला साहेबानं 'तुला कॉम्प्युटर येतो ना, मग सांभाळ' म्हणून त्या खोलीत ढकललेलं असतं. तसे व्हिडिओ इंग्रजीत ढिगानं आहेत. पण ते बघताना त्या बिचाऱ्याला वाटतं की चुकतो तो आपण एकटेच. विनू चुका कापत नसे. चुकीचं बटण दाबलं गेलं तर ते तसंच ठेवायचा आणि वर म्हणायचा, "पाह्यलं? फसलो आता मी. घाबराचं नाई. पानी प्या, आन मंग वाचा काय लिवलं हाय ते."

त्याच्या बोलण्यावरून आमची कायम जुंपायची. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. मी म्हणायची, "अरे, सगळा महाराष्ट्र बघतो, जरा नीट बोल." तर म्हणे, "ताई, सर्वर बंद पडल्यावर मानूस नीट बोलते का?" कपाळ माझं! नेटवर्कवर नवा कॉम्प्युटर आला की त्याला आपोआप एक पत्ता मिळतो. तो कसा मिळतो हे समजावताना त्यानं सांगितलं होतं, "पंगतीतल्या वाढप्यासारखं हाय. तुमी आले का तो पान मांडून देते. तुमी जेवून उठले का तेच पान धुऊन दुसऱ्याले." मी त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, "विनू, पत्रावळ कोणी धुतं का रे?" पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीलाच साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मांगच्या धड्यात आमच्या ताईनं चूक काहाडली. पान नाई, ताट." त्याखाली लोकांनी मला किती नमस्कार पाठवले होते! त्याचं बोलणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही सगळं पटलेलं नाही. पण त्या धड्यापासून मी त्याचा एकही व्हिडिओ चुकवला नाही, कळो न कळो.

त्याच्या सगळ्या शिकवण्याच्या मुळाशी एक फजिती होती. नोकरीला लागला तेव्हाची. रोज संध्याकाळी तो दिवसभराच्या कामाची नक्कल, म्हणजे बॅकअप, वेगळ्या डिस्कवर घ्यायचा. मोठ्या निष्ठेनं. दसऱ्याला त्या डिस्कलाही हळदकुंकू लागायचं. एक दिवस सर्वर बसला. सगळे हवालदिल, विनू निवांत. बॅकअप आहे ना! डिस्क लावली, उघडली... तर आत नुसतं एक चित्र. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मूळ फाईलकडं नेणारं छोटं चित्र असतं, कोपऱ्यात बाण असलेलं, त्याला शॉर्टकट म्हणतात. हा बहाद्दर रोज त्या चित्राचीच नक्कल घेत आला होता. कोठीच्या दाराचा फोटो जपून ठेवला आणि कोठी गेली, अशातली गत. मग संस्थेतल्या सगळ्यांनी बसून कागदांवरून एकेक नोंद पुन्हा भरली. त्याला कोणी वाकडा शब्द बोललं नाही, आणि तेच त्याच्या मनाला जास्त लागलं.

त्या रविवारी तो रिठदला, आमच्या गावी, घरी गेला. पेरणीचे दिवस जवळ आले होते आणि बाबा ओसरीत गोणपाट ओलं करून त्यावर सोयाबीनचे दाणे ओळीनं मांडत होते. आमच्याकडं घरचं बियाणं असलं की पेरण्याआधी हे करतातच. मोजून दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि काही दिवसांनी उलगडून पाहायचं की त्यातले किती उगवले. पोराचं उतरलेलं तोंड पाहून बाबांनी विचारलं, यानं सगळं सांगितलं. बाबा दाणे मांडता मांडता म्हणाले, "पोतं भरेल हाय म्हनून बी हाय, असं नसते बापू. उगवून पाहा लागते." बाबा हे वाक्य दर पेरणीच्या आधी म्हणत, आम्ही भावंडं ते ऐकून कंटाळलो होतो. विनूला ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं असावं. तेव्हापासून त्यानं कचेरीत घेतलेला प्रत्येक बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून बघितला, आणि त्याच्या बघणाऱ्यांनाही तीच सवय लावली. 'उगवण पाह्यली का?' असं कोणी फोनवर विचारलं तर ते शेतीचं नसून सर्वरचं आहे, हे माझ्या कानांना सवयीचं झालं होतं.

त्याची आणखी एक सवय. कचेरीत सर्वर बंद करून पुन्हा चालू करायचा असला की तो आधी उठून टेबलाटेबलाशी जायचा आणि प्रत्येकाला नावानं विचारायचा, 'सेव्ह केलं का?' म्हणजे कोणाचं अर्धं काम वाया जाऊ नये. घरीही तेच. मागच्या खोलीतून हाळी यायची, "मंगल, सेव्ह केलं का? बंद करून राह्यलो!" आणि स्वयंपाकघरातून, हात पिठात असले तरी, वहिनीबाईंचं उत्तर जायचं, "केलं!" मी एकदा तिला विचारलं, "अगं, तुझं काय असतं गं सेव्ह करायला?" तर म्हणाली, "काई नाई ताई. पन उत्तर आल्याबिगर ते बटनच दाबत नाईत. बसते मंग तसेच, आन च्या थंडा होते." तिच्या भाकरीच्या आवाजासारखी ती हाळी त्या घरात होतीच.

गेल्या दिवाळीनंतर त्याचा आवाज बसला. बोलून बोलून बसला असेल म्हणून हळदीचं दूध, ज्येष्ठमध, गुळण्या सगळं झालं. मग अकोला, मग नागपूर, आणि मग तो शब्द, जो घरात कोणी उच्चारत नव्हतं. घशातली स्वरयंत्राची पेटी काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचेल, आवाज जाईल. आम्ही सगळे जिवाचा विचार करत होतो, आणि हा? याचं बॅकअपवरच्या धड्यांचं काम चालू होतं. घ्यायचा कसा, ठेवायचा कुठं, सगळं सांगून झालं होतं. शेवटचा धडा राहिला होता, सगळं गेल्यावर ते परत आणायचं कसं. "तोच नाई सांगतला तं बाकीचे काय कामाचे?" घोगऱ्या आवाजात तो म्हणाला. ऑपरेशनच्या आधी त्याला तो स्वतःच्या तोंडानं सांगायचा होता.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी वाशीमला गेले तर खोलीत मोबाईल स्टँडवर लावलेला, आणि समोर घरचाच सर्वर. त्यात काय नव्हतं! लग्नाचे फोटो, लेक गौरीचं सगळं लहानपण, बैलांना पाणी दाखवणाऱ्या बाबांचा एकुलता एक व्हिडिओ, आणि विनूच्या धड्यांचे मूळ, न छाटलेले तुकडे, त्यात त्याचं खाकरणं, हसणं, मंगलला हाळी देणं सगळं. आणि हा प्राणी तो सर्वर पुसून दाखवणार होता! मी चिडले. "डोकं फिरलं का तुझं? भंगारातलं एखादं मशीन आण आणि त्यावर काय ते दाखव." तो हसला. "लोकायले सांगू का बिनधास्त पुसा, आन माह्यं कपाटात ठेवू? बॅकअप हाय ताई. घरच्याचीच उगवण पाहाची राह्यली हाय." आणि त्यानं खरंच पुसलं. मंगल दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. पडदा काळा झाला, आणि त्याच वेळी याचा आवाजही गेला. तोंड हलत होतं, पण नुसती हवा. मला वाटलं आता उठेल. नाही उठला. गौरीची जुनी पाटी घेतली आणि त्यावर लिहिलं, 'तू बोल.'

मी म्हटलं, "अरे, मला यातलं काय कळतं?" त्यानं त्याखाली लिहिलं, 'म्हणूनच.' झालं, बसले मोबाईलसमोर. तो पाटीवर लिहील ते मी सांगायचं आणि त्याचे हात काम करणार. मी घसा साफ करून सुरुवात केली, "तर आता आपण पुनर्स्थापनेच्या प्रक्रियेकडं वळू या..." खाडकन पाटीवर खडू आपटला. 'परिपाठ आहे का? घरच्यासारखं बोल!' मग मी रिठदच्या ओसरीत बोलायची तशी बोलले. "हे पाहा भौ, आता इथी पेन ड्राईव्ह लावाचा..." शाळेत असं बोलले असते तर मुख्याध्यापकांनी घरी पाठवलं असतं. विनू आवाज न करता हसत होता, खांदे हलत होते, आणि ते हसू मध्येच खोकल्यात गेलं. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा मंगलनं पुढं होऊन मोबाईलच उलटा केला. त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, 'बाकी आल्यावर.' ऑपरेशन नीट झालं, असं सांगितलं होतं. मग छातीत संसर्ग झाला... आणि तो आला नाही.

दिवस उरकले, पाहुणे गेले, गौरी पुण्याला नोकरीवर परतली. मंगलनं मागच्या खोलीला कुलूप घातलं. मी म्हटलं, "मंगल, तो धडा पुरा करू. कोणी जाणकार गाठू, तुझे फोटो तरी परत येतील." तिनं मान हलवली. "नाई ताई. आता कसं, मी म्हनू शकते का सगळं हाय. त्या डबीत हाय. उघडलं आन काईच नाई निंगालं, तं मंग मी काय म्हनू?" त्या डबीत, म्हणजे त्या बाहेरच्या डिस्कमध्ये, तिचा सगळा संसार होता किंवा नव्हता. आणि हा माणूस तिला तिथं सोडून गेला होता, पुसलेल्या सर्वरसमोर! खरं सांगते, मला विनूचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. मी बसमध्ये बसून त्याला मनातल्या मनात जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

पेरणीचे दिवस जवळ आले. रिठदचं शेत दुसऱ्याला बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलेलं आहे, पण बियाणं मंगल घरचंच देते. मी पुन्हा गेले तेव्हा ती मागच्या अंगणात ओलं गोणपाट उलगडून बसली होती. पांढरे कोंब ओळीनं वर आले होते, अधूनमधून एखादा दाणा तसाच. "कसं आहे?" मी विचारलं. "चांगलं हाय. पेराले हरकत नाई." "आणि नसतं उगवलं तर?" "तं दुसरं पाह्यलं असतं, ताई. पेरल्यावर समजल्यापेक्षा आता समजलेलं बरं." बोलली, आणि तिचा हात गोणपाटावरच थांबला. माझ्या जिभेवर आलं होतं, की बाई गं, बियाण्याची उगवण पाहतेस, मग त्या डबीचीच काहून नाही? पण माझ्यासारखी बडबडी बाईही कधी कधी गप्प बसते. ती बराच वेळ त्या कोंबांकडं पाहत राहिली. मग ओले हात लुगड्याला पुसले आणि कमरेची किल्ली काढली.

मदतीला फोनवर शबाना होती. ती मराठवाड्यातल्या एका दवाखान्याचा सर्वर सांभाळते. विनूला तिनं कधी पाहिलं नाही, पण सगळं काम त्याच्याच व्हिडिओंवरून शिकली, आणि तो गेल्याचं कळल्यापासून मला अधूनमधून फोन करायची. पडद्यावर दिसेल ते मी तिला वाचून दाखवायची, ती काय दाबायचं ते सांगायची. एका जागी तांबडी फुली आली आणि मी 'अगं बाई!' म्हणून ओरडले. तर ती पोरगी म्हणाली, "ताई, घाबरायचं नाही. पाणी प्या, आणि मग वाचा काय लिहिलंय ते." मी पाणी प्यायले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळं. डिस्कची वायर सैल होती, एवढंच. ती नीट बसवली आणि पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. विनूचा मोबाईल त्याच स्टँडवर लावून मी सगळं टिपत होते, उरलेला धडा म्हणून. तो आता इंटरनेटवर लावला आहे. तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. त्यात काही कापलेलं नाही. पण मोबाईलच्या चौकटीत जे आलं नाही, ते सांगायलाच हा लेख लिहायला बसले.

पट्टी शेवटाला पोचली आणि पडद्यावर चौकट आली, मशीन आता बंद करून पुन्हा चालू करायचं का? खाली वेळ उलटा मोजला जात होता. परत आल्यावर आत काय आहे आणि काय नाही, ते त्यानंतरच कळणार होतं. मी बटणाकडं हात नेला तर मंगलनं माझं मनगट धरलं. "थांबा ताई! अगोदर इचारा."

"काय विचारू?"

ती वळली आणि झपाझप स्वयंपाकघरात गेली. मी पाहते तर ओट्यापाशी पाठमोरी उभी, परातीतल्या पिठात दोन्ही हात घालून. पिठात पाणीही नव्हतं. इकडं आकडे उतरत होते. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा तो आवाज काढला आणि ओरडले, "मंगल, सेव्ह केलं का? बंद करून राह्यली!"

विनू बसायचा तशीच मीही बसले, उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही म्हणून. आणि मग आतून, अगदी पूर्वीच्याच आवाजात, आलं, "केलं!"

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग अक्षरं आली, मग ते गोल गोल फिरणारं चक्र, ते फिरता फिरता थांबेचना. मग मंगलच्या नावाचं खातं समोर आलं. एका घराले दोन कर्ते पाह्यजेत, असं म्हणत त्यानं ते तिच्यासाठी उघडून ठेवलेलं होतं. परवलीचा शब्द तिनं आतूनच ओरडून सांगितला. मी एकेक कप्पा उघडत गेले. लग्न होतं. गौरी होती. बैलांना पाणी दाखवणारे बाबा होते. विनूचे आवाज होते, सगळे, जानेवारीपर्यंतचे. बॅकअप तेव्हाचा, सर्वर पुसण्याआधीचा होता. पाटीवर लिहिणारा विनू त्यात नव्हता.

"आलं का, ताई?" तिनं विचारलं. बाहेर मात्र आली नाही.

"आलं," मी म्हटलं. "होतं तिथवरचं सगळं आलं."

आत तिनं पिठात पाणी घातलं.